साडेआठ लाख नकोत, एक वर्ष द्या

प्रश्न: माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, अकरावी कॉमर्सला. गेल्या वर्षीपासून पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघातून डाव्या बाजूने खेळतो. आता म्हणतो, कॉलेज सोडतो आणि फक्त फुटबॉल खेळतो. त्याचे बाबा स्वतः तालमीकडून खेळायचे, गुडघा गेला आणि खेळ सुटला. ते म्हणतात, दुकानात बस. त्यातच एका एजंटाने अर्जेंटिनात सहा महिन्यांचा ‘प्रो ट्रायल’ सांगितला आहे. खर्च साडेआठ लाख, पंचवीस हजार बुकिंगला दिलेत. तिकडचा क्लब घेईल असं तो तोंडी म्हणतो. एफडी मोडावी का? – एक आई, कोल्हापूर

ताई,

एफडी मोडू नका. बाकीचं पत्र सावकाश वाचा, पण एवढं आधी सांगतो, कारण अशा एजंटांकडे जागा नेहमी शेवटच्या दोनच उरलेल्या असतात.

फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेच्या, नियमावलीत एकोणिसावं कलम आहे. अठरा वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशात नोंदणी होत नाही. अपवाद मोजके आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील, घर सीमेला लागून असेल, किंवा मुलगा सोळा पूर्ण असून युरोपीय संघातल्या एका देशातून दुसऱ्यात जात असेल, असे. तुमचा मुलगा यातल्या कशातच बसत नाही. म्हणजे तिकडच्या क्लबाने उद्या त्याला डोक्यावर घेतलं तरी एकही अधिकृत सामना तो खेळू शकणार नाही. सकाळी त्याच्यासारख्याच पैसे भरून आलेल्या मुलांबरोबर सराव करायचा, दुपारी जर्सीत फोटो काढायचा आणि शनिवारी कुंपणाबाहेर उभं राहून दुसऱ्यांचा सामना बघायचा. सहल म्हणून ठीक आहे. पण साडेआठ लाखांची सहल तुमच्या घराला परवडणारी नाही, नाहीतर एफडी मोडायचा प्रश्नच आला नसता.

तो लगेच म्हणेल, मेस्सी तेराव्या वर्षी बार्सिलोनाला गेलाच की. गेला, पण ते साल होतं २०००. लहान मुलांच्या बाबतीतला नियम त्यानंतर आला आणि कडक होत गेला. इतका, की २०१४ मध्ये फिफाने खुद्द बार्सिलोनालाच परदेशी अल्पवयीन मुलांच्या नोंदणीवरून शिक्षा केली. खेळाडूंची अदलाबदल करायच्या लागोपाठच्या दोन मुदतींत नवा खेळाडू नोंदवायला बंदी.

आता दुसरी गोष्ट, जी एजंट कधीच सांगणार नाही. अर्जेंटिनात नावाजलेला क्लब निवडलेल्या मुलाकडून प्रशिक्षणाचे पैसे घेत नाही. बाहेरगावच्या मुलांसाठी क्लबाचं वसतिगृह असतं, त्याला ‘पेन्सिऑन’ म्हणतात. राहणं, जेवण, शाळा, सगळं क्लबाकडे. हा धर्मादाय नव्हे. खेळाडू पुढे करार चालू असताना पैसे मोजून एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात गेला, की त्या रकमेतले पाच टक्के त्याच्या बाराव्या ते तेविसाव्या वर्षांत ज्यांनी ज्यांनी त्याला घडवलं त्या क्लबांत वाटले जातात. बारा ते पंधरा या वर्षांना पाव-पाव टक्का, पुढच्या प्रत्येक वर्षाला अर्धा. विक्री झाली की हा हिस्सा पुन्हा येतो. त्यामुळे क्लब पोरावर खर्च करतो तो पेरणीसारखा. जो पेरायच्या आधी बियाण्यालाच पैसे मागतो त्याचा धंदा वेगळा आहे, एवढं ओळखा.

पोरगा भिंतीवर फोटो लावतो ते शेवटच्या पायरीवरच्यांचे. म्हणून आधी तिकडची शिडी सांगतो. वयोगटांचे संघ तिकडे उलटे मोजतात. चौदाच्या आसपासची मुलं ‘नोवेना’ म्हणजे नववीत, मग आठवी, सातवी, असं करत एकोणीस-वीसला ‘क्वार्ता’ म्हणजे चौथी. त्याच्यावर रिझर्व्ह म्हणजे दुसऱ्या फळीचा संघ आणि त्याच्यावर ‘प्रिमेरा’, म्हणजे पहिला संघ. दरवर्षी वर्ष संपताना यादी लागते आणि काही मुलं ‘लिब्रे’ होतात. शब्दाचा अर्थ मोकळा, पण ऐकणाऱ्याला तो काढून टाकलं असाच ऐकू येतो. एकविसाव्या वर्षापर्यंत क्लबाने व्यावसायिक करार दिला नाही तर खेळाडू मोकळाच. तुमच्या मुलाच्या वयाचा पोरगा तिकडे सातवीत असतो, म्हणजे दोन-तीन चाळण्यांतून आधीच गेलेला असतो. दर शनिवारी लीगचा सामना आणि बाकावर बसलेला पर्यायी खेळाडू त्याची जागा घ्यायला टपलेला. आपल्याकडे पेठेपेठेत ईर्षा कमी नाही. शाहू स्टेडियममध्ये सामना बघितलेल्याला ती सांगायला नको. पण आपली ईर्षा हंगामापुरती असते, त्यांची वर्षभर आणि वयाच्या प्रत्येक पायरीवर.

आता तुमच्याच घरासारख्या एका घराची गोष्ट सांगतो. अर्जेंटिनातलं रोसारिओ शहर, तिकडचा नामांकित फुटबॉलपटू आंखेल दी मारिया याचं घर. वडील ऐन तरुणपणी रिव्हर प्लेटच्या रिझर्व्ह संघापर्यंत पोचलेले, गुडघ्याने घात केला आणि खेळ संपला. (हो, गुडघाच. तुमच्या पत्रात ती ओळ वाचली तेव्हा मला हे घर आठवलं.) पुढे ते कोळशाच्या धंद्यात पडले. पोरं कोळसा पोत्यांत भरायला मदत करायची. आंखेल लहानपणी घरात एक मिनिट स्थिर बसायचा नाही. डॉक्टरांनी सांगितलं, खेळायला पाठवा. पुढे रोसारिओ सेंट्राल क्लबाने त्याला घेतल्यावर आई त्याला सायकलवर बसवून सरावाला न्यायची, सोबत बहीण. पाऊस असो, थंडी असो, अंधार पडलेला असो. एका प्रशिक्षकाने सगळ्यांसमोर घालूनपाडून बोलल्यावर तो खेळ सोडायला निघाला होता, तेव्हाही परत पाठवलं ते आईनेच.

सोळावं सरलं तरी पहिल्या संघाचं बोलावणं नव्हतं. अंगाने काटकुळा, उंची वाढायला तयार नाही. तेव्हा वडिलांनी त्याला समोर बसवून तीन वाटा सांगितल्या. माझ्याबरोबर कामाला ये, किंवा शाळा पूर्ण कर, किंवा आणखी एक वर्ष फुटबॉल खेळून बघ. पण त्या वर्षात जमलं नाही तर मुकाट्याने कामावर यायचं. पोरगा गप्प. उत्तर दिलं ते आईने: एक वर्ष. हे झालं जानेवारीत. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, २००५ साली, तो सेंट्रालच्या पहिल्या संघातून मैदानात उतरला.

पुढचं तुमच्या मुलाला तोंडपाठ असेल. २००७ मध्ये बेनफिका, २०१० मध्ये रेआल माद्रिद, २०१४ मध्ये मँचेस्टर युनायटेडने मोजलेले ५.९७ कोटी पौंड, तेव्हाची ब्रिटिश फुटबॉलमधली सर्वांत मोठी रक्कम. तरी तिथे त्याचं मन एक हंगामही रमलं नाही. पॅरिस, युव्हेंटस, परत बेनफिका. २००८ च्या ऑलिंपिक अंतिम सामन्यात गोल, २०२१ मध्ये कोपा अमेरिकाच्या अंतिम सामन्यात माराकानावर ब्राझीलविरुद्ध गोल, २०२२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात गोल. घरी परतायचं मात्र सहज जमलं नाही. २०२४ मध्ये रोसारिओत घरच्यांना धमकी आली आणि परतणं लांबलं. २०२५ मध्ये सेंट्रालमध्ये आला, पहिल्याच सामन्यात पेनल्टीवर गोल केला आणि ऑगस्टमध्ये त्याच शहरातल्या नेवेल्स क्लबाविरुद्धच्या ईर्षेच्या सामन्यात फ्रीकिकवर एकमेव गोल मारून सामना जिंकून दिला.

मला तुम्हाला दाखवायचंय ते पदकांच्या आधीचं, त्या जानेवारीतलं. वडिलांनी ‘नाही’ म्हटलं नाही आणि ‘जा बाळा, स्वप्न बघ’ असंही म्हटलं नाही. मुदत दिली, मुदतीनंतर काय होणार ते आधी सांगितलं आणि तोपर्यंत आड आले नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या दहा घरांतली नऊ घरं यातलं एकच काहीतरी करतात. एकतर पहिल्याच दिवशी पाय छाटतात, नाहीतर पोरगा पंचविशीचा होईपर्यंत ‘बघू पुढच्या हंगामात’ म्हणत राहतात. दुसरा प्रकार जास्त निर्दयी, माझ्या मते.

आणखी एक खेळाडू सांगतो, याचा फोटो कोणी भिंतीवर लावत नाही. होर्हे पेरेरा दियाझ. ब्यूनोस आयरेसचा, १९९० चा जन्म. फेर्रो कारील ओएस्ते नावाच्या जुन्या क्लबातून आला, मग लानुस, मग मलेशियात जोहोर, मेक्सिकोत लिऑन. २०२१ मध्ये भारतात, आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगमधला केरळा ब्लास्टर्स, त्या हंगामाचा अंतिम सामना गोव्यात फातोर्ड्याला पेनल्टींवर हरले. पुढची दोन वर्षं मुंबई सिटी, अंधेरीच्या मैदानावर तुमच्या मुलाने त्याला टीव्हीवर नक्की बघितलं असेल. ४ मे २०२४ ला कोलकात्यात मोहन बागानविरुद्ध मुंबई मागे पडली होती तेव्हा बरोबरीचा गोल याचाच, आणि मुंबईने ३-१ ने कप जिंकला. मग बंगळुरू. अर्जेंटिनातून बाहेर पडलेल्या बहुतेक खेळाडूंचं आयुष्य हे असं असतं. दोन वर्षांचा करार, नवी भाषा, नवं जेवण, घरापासून अर्ध्या जगावर, आणि तिशी उलटल्यावर प्रत्येक हंगामाच्या शेवटी पुढचं काय हा प्रश्न. वाईट आयुष्य नाही हे. पण ही नोकरी आहे, फिरतीची आणि लवकर निवृत्तीची, हे मुलाला कळलं पाहिजे. त्याला विचारा, दी मारिया नाही झालास आणि पेरेरा दियाझ झालास तर चालेल का? तो चटकन ‘हो’ म्हणाला तर मला आनंद होईल. तोंड वाकडं केलं तर त्याला खेळ नव्हे, पोस्टर आवडतंय.

तर, एक वर्ष द्या. पण कोल्हापुरातलंच आणि कागदावर लिहून.

कॉलेज सुटणार नाही, बारावीची परीक्षा द्यायचीच, ही पहिली अट. हजेरीचा घोळ होत असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) बारावी देता येते, पण तो शेवटचा उपाय. मग त्याची एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या) सीआरएस या खेळाडू-नोंदणी प्रणालीत नोंद आहे का ते बघा, आणि जन्मदाखल्यावरची तारीख आणि आधारवरची तारीख एक आहे का तेही बघा. हसू नका, चांगल्या चांगल्या पोरांचं घोडं इथे पेंड खातं.

पेठेतले लोक त्याला ‘लई भारी’ म्हणतात, ते बाजूला ठेवा. पेठेशी देणंघेणं नसलेल्या तीन प्रशिक्षकांनी त्याला प्रत्यक्ष सामन्यात बघितलं पाहिजे. गोवा तुमच्यापासून एसटीच्या पल्ल्यात आहे. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स यांच्या युवा संघांच्या निवडचाचण्यांवर लक्ष ठेवा, जाऊन या. परत आल्यावर ‘घेतलं की नाही’ एवढंच विचारू नका. त्याच्या जागेवर खेळणारी किती मुलं होती आणि त्यातली किती याच्यापेक्षा वेगवान होती, हे विचारा. उत्तर खरं देतोय का ते तुम्हाला त्याच्या चेहऱ्यावरूनच कळेल. सोळा म्हणजे या खेळात लहान वय नाही. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव २०१७ ला सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, पण घर सोडून तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला तो शाळेच्या वयात.

वर्षाच्या शेवटी कसोटी एकच: शहराबाहेरच्या एखाद्या क्लबाने तुमच्याकडून पैसे न घेता त्याची नोंदणी केली का, राहणं-खाणं किंवा मानधन दिलं का? केलं असेल तर आणखी एक वर्ष, तेही असंच लिहून. नसेल केलं तर तालमीकडून खुशाल खेळत राहावं, मंगळवार पेठेत काय, शिवाजी पेठेत काय, चाळिशीतले लोकही खेळतात. पण पोटापाण्याचा रस्ता दुसरा. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, त्यासाठी ठराविक दर्जाच्या स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात, तेव्हा आतापासून प्रत्येक कागद फाइलला लावा. अठरा पूर्ण झाल्यावर प्रशिक्षकाचा डी लायसन्स करता येतो, पंच होता येतं. फिजिओथेरपीचंही तुमच्या मनात येईल, पण त्याला बारावीला जीवशास्त्र लागतं. कॉमर्सवाल्याला तो दरवाजा बंद आहे. क्रीडा व्यवस्थापन मात्र उघडं आहे, आणि वडिलांच्या दुकानात हिशेब शिकलेला मुलगा तिथे उपाशी मरत नाही.

एक सावधगिरी भारतातल्या लीगबद्दलही. २०२५ मध्ये करारांच्या वादात आयएसएलचा हंगामच अडकून पडला आणि देशातले उत्तम खेळाडू महिनोन्‌महिने सामन्याविना बसले. त्यामुळे बारावीच्या अटीवर मी एवढा अडून बसलोय.

त्या एजंटाला पंचवीस हजार लेखी परत मागा. व्हॉट्सॲपवर मागू नका, स्पीड पोस्टाने मागा आणि पावती जपून ठेवा. अर्जेंटिनातल्या क्लबाचं मुलाच्या नावाने आलेलं नोंदणीचं पत्र दाखवा, असंही त्यात लिहा. असं पत्र त्याच्याकडे असूच शकत नाही, त्यामुळे बोलणं लवकर आटपेल. टाळाटाळ केली तर ग्राहक आयोग आहे.

आणि हे पत्र त्याच्या बाबांना वाचून दाखवाल तेव्हा सुरुवात रोसारिओतल्या वडिलांपासून करा. एजंटाचं नंतर वाचा. त्यांच्या गुडघ्याबद्दल मुलाशी ते कधी बोललेत का, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही.