लसीकरण १०४ टक्के कसं काय होतं?

तुम्ही विचारलंय की रिपोर्टमध्ये गोवराच्या लशीचं कव्हरेज १०४ टक्के आहे आणि तरी मुलांना गोवर होतोय, मग खोटं कोण बोलतंय? बऱ्याचदा कोणीच नाही, भागाकार गंडलेला असतो.

वरचा आकडा म्हणजे दिलेले डोस, तो निदान रजिस्टरमधून तरी येतो. खालचा आकडा म्हणजे त्या वयाची एकूण मुलं, आणि तो असतो अंदाज. जुनी जनगणना घ्यायची, जन्मदर लावायचा आणि एवढी बाळं असतील असं धरून चालायचं. समजा टार्गेट धरलं १०००, पण मधल्या काळात वस्ती वाढली आणि खरी बाळं होती १३००. डोस दिले १०४०. कागदावर झालं १०४ टक्के, प्रत्यक्षात ८०, आणि उरलेली २६० मुलं कुठल्याच यादीत नाहीत. त्यात शेजारच्या भागातली मुलं इथे येऊन लस घेऊन गेली की ती पण इथेच मोजली जातात.

म्हणून मग घरोघरी सर्व्हे करतात. डब्ल्यूएचओची जुनी पद्धत होती ३० वस्त्या निवडायच्या आणि प्रत्येकीत १२ ते २३ महिन्यांची ७ मुलं शोधायची, म्हणजे २१०. यातून येणाऱ्या आकड्यात साधारण १० टक्क्यांची चूक दोन्ही बाजूंना धरलेलीच असते, म्हणजे ८० आलं तर खरं ७० पण असू शकतं आणि ९० पण. हे लोक सोयीस्कर विसरतात आणि ७८ चं ८२ झालं की पेढे वाटतात. शिवाय ७ मुलं भरेपर्यंत शेजारच्या दारात जात राहायचं असल्यामुळे कुलूप असलेलं घर सुटायचं, आणि लस न मिळालेलं मूल नेमकं तिथेच असायची शक्यता जास्त. २०१८ च्या मॅन्युअलपासून घरं आधीच ठरवून घेतात आणि कुलूप दिसलं तर परत जायचं.

मी स्वतः अशा सर्व्हेत फिरलेय. एका घरी आईने ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढलं, पाणी लागून शाई पसरलेली, जन्मतारीख दिसतेय पण गोवराच्या रकान्यात नुसता निळा डाग. विचारलं तर म्हणाली सगळ्या झाल्या. मांडीत की दंडात, तोंडात थेंब की सुई, असं खोदून विचारलं तर तिलाच आठवेना, तीन लेकरं आहेत, कुणाची कुठली सुई कशी लक्षात राहणार? बीसीजीचा, म्हणजे क्षयरोगाच्या लशीचा, निदान दंडावर व्रण दिसतो (तोही सगळ्यांना उठत नाही), बाकीच्यांची खूण राहत नाही. म्हणून रिपोर्ट वाचताना कार्ड पाहून किती आणि आईच्या सांगण्यावरून किती हे वेगळं दिलंय का ते बघा, नसेल तर मी तरी त्या टक्क्यांवर फार विसंबत नाही.

मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो ड्रॉपआउट. डीटीपीचा (घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकल्याची लस, तिचे तीन डोस) पहिला डोस ९०० जणांना, तिसरा ७२०, म्हणजे २० टक्के मधेच गळाले. दोन्ही आकडे एकाच रजिस्टरमधले, लोकसंख्येचा अंदाज लागतच नाही. पण पहिल्या डोसलाच जी आली नाहीत ती यात दिसत नाहीत. २०२४ मध्ये जगभरात अशी सुमारे १ कोटी ४३ लाख बाळं होती, हा डब्ल्यूएचओ आणि युनिसेफचा अंदाज.

आता तुमचा गोवर. ९ महिन्यांना दिलेला एक डोस साधारण ८५ टक्के मुलांनाच लागू पडतो, आणि साथ अडवायची तर ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस हवेत. म्हणजे ते १०४ अगदी खरं असतं तरी भोक राहिलंच असतं. दुसऱ्या डोसचा रकाना त्या रिपोर्टमध्ये आहे का बघा जरा, आणि टार्गेट कुठल्या वर्षाच्या जनगणनेवरून काढलंय ते पण विचारा.