आईच्या तीन वर्षं जुन्या फोनला अँड्रॉइड १५ चं अपडेट आलंय, टाकू की नको?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की आई पुण्यात वारज्याला एकटी राहते, फोन मिडरेंजचा म्हणजे मधल्या किमतीचा, अँड्रॉइड १४ वर चाललाय, १५ चं नोटिफिकेशन महिनाभर डोकावतंय, भाऊ म्हणतो हात लावू नको, फोन स्लो होईल नाहीतर स्क्रीनवर हिरवी रेघ येईल, आणि आईची पेन्शन, यूपीआय, डॉक्टरांचे रिपोर्ट, नातवंडांचे फोटो सगळं त्या एकाच फोनवर. मी बुधवार पेठेत तपकीर गल्लीजवळ रिपेअरिंगच्या काउंटरवर आठ वर्षं बसलोय, आता कर्वेनगरला स्वतःचं छोटं दुकान आहे, त्यामुळे अपडेट मारून अडकलेले आणि अपडेट न मारल्यामुळे अडकलेले असे दोन्ही फोन माझ्या टेबलावर येतात. माझं मत सांगतो, करा, पण आज रात्री झोपताना बटण दाबून नको. आधी फोनची तब्येत बघा. अपडेटच्या नावावर जे खापर फुटतं ना, त्यातलं बरंचसं दुखणं फोनमध्ये आधीपासूनच असतं.

पहिलं म्हणजे अपडेट दोन प्रकारची असतात आणि लोक दोन्ही एकाच पारड्यात टाकतात. एक असतो सिक्युरिटी पॅच, म्हणजे फोन दिसायला तसाच राहतो, आतली भोकं बुजवतात. २०१५ च्या जुलैमध्ये स्टेजफ्राइट नावाची भानगड बाहेर आली होती, नुसता एक एमएमएस पाठवून फोनमध्ये शिरता येत होतं, समोरच्याने तो उघडायची पण गरज नाही, आणि त्यानंतर ऑगस्ट २०१५ पासून गूगल दर महिन्याला पॅचची यादी काढायला लागलं. असलं अपडेट आलं की विचारत बसू नका, त्याच आठवड्यात टाका. दुसरं असतं व्हर्जनचं, १४ वरून १५, ह्यात चेहरामोहरा बदलतो, ह्याला मी स्वतः दोनतीन आठवडे थांबतो. थांबण्यात काही भित्रेपणा नाही हो, सप्टेंबर २०१४ मध्ये ॲपलने आयओएस ८.०.१ सोडलं तेव्हा आयफोन ६ वाल्यांचं नेटवर्कच गेलं आणि बोटाचा ठसा चालेना, त्याच दिवशी मागे घ्यावं लागलं त्यांना. तुमचा मात्र महिना होऊन गेलाय, तेवढ्यात पहिली ठेच लोकांना लागून झालेली असते. आणि एक लक्षात घ्या, तुमच्या मॉडेलला १५ आलं की पुढचे पॅच बहुतेक वेळा १५ वरच येतात, १४ वर बसून राहिलात तर पॅच पण थांबतो. म्हणजे "व्हर्जन नको पण सिक्युरिटी हवी" हा पर्याय फार दिवस राहत नाही.

भावाचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, कारण ते हवेतलं नाहीये. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने स्वतः मान्य केलं की बॅटरी म्हातारी झालेल्या आयफोनचा वेग ते सॉफ्टवेअरमधून कमी करतात, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. मग २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा आयोगाने ॲपलला १ कोटी युरो आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला, सॅमसंगचं प्रकरण गॅलेक्सी नोट ४ चं होतं, त्या फोनला न पेलणारं अँड्रॉइड ६ घ्यायला लावलं म्हणून. तेव्हा स्लो होतो हे खरं असू शकतं, पण का होतो ते बघा ना. बॅटरी थकलेली, नाहीतर स्टोरेज गच्च. माझ्याकडे "अपडेटनंतर हँग होतोय" म्हणून येणाऱ्या फोनमध्ये मी सगळ्यात आधी स्टोरेज उघडतो, आणि १२८ जीबीतले १२५ भरलेले असतात, त्यात निम्मे गुड मॉर्निंगचे व्हिडिओ. तो फोन अपडेटच्या आदल्या दिवशी पण रांगतच होता, फक्त अपडेटनंतर लक्ष गेलं.

हिरव्या रेघेचं सांगतो कारण सगळ्यात जास्त भीती हिचीच आहे. फोनचे डिस्प्ले मुख्यतः दोन जातींचे, अमोलेड आणि एलसीडी, ही रेघ अमोलेडवर येते, आईचा फोन एलसीडीचा असेल (मिडरेंजमध्ये पुष्कळ असतात, मॉडेलची माहिती वाचलीत की कळेल) तर हा विषयच सोडून द्या. अमोलेड असेल तर असं आहे की पॅनल आणि बोर्ड जोडणारी जी पातळ पट्टी असते तिचा जोड कमजोर झाला की रेघ उमटते, आणि अपडेट होताना फोन बराच वेळ तापतो, तेव्हा आधीच सुटत आलेला जोड सुटतो. मी अपडेटनंतर आलेल्या रेघा पाहिल्यात, आणि उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर मॅप लावून ठेवल्यावर आलेल्या पण पाहिल्यात, अपडेटचा काही संबंध नसताना. म्हणून अपडेट करायचंच तर फोन थंड असताना, कव्हर काढून, पंख्याखाली, आणि चालू असताना कोणी त्यावर सिरियल बघत बसायचं नाही.

आता मला जे खरं कळकळीने सांगायचंय ते. धायरीच्या एक मावशी आहेत, पोळीभाजीचे डबे देतात, साठ-सत्तर गिऱ्हाईकं, कोणाला कुठला डबा, कोणाचे पैसे राहिलेत, पत्ते, सगळं व्हॉट्सॲपवर. फोनमध्ये जेमतेम सातशे एमबी जागा, मुलाने रात्री अपडेट लावलं, सकाळी फोन लोगोवर येऊन परत बंद, परत लोगो, परत बंद. नवीन बऱ्याच फोनमध्ये सिस्टिमच्या दोन जागा असतात (अँड्रॉइड ७ पासून, २०१६ ला आलं हे), अपडेट रिकाम्या जागेत बसतं आणि नाही जमलं तर फोन जुन्या जागेवर परततो, पण सगळ्या कंपन्यांनी ते लगेच घेतलं नाही आणि मावशींचा फोन त्यातला नव्हता. माझ्याकडे आल्या तेव्हा म्हणाल्या, दादा फोन गेला तर जाऊ दे, माझी वही काढून दे. आणि मला नाही काढता आली. आठदहा वर्षांपूर्वी आम्ही मेलेल्या बोर्डवरची चिप काढून डेटा काढायचो, आता नाही होत, अँड्रॉइड १० पासून नवीन फोनला आतला डेटा एन्क्रिप्ट करणं, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा कुलूपबंद ठेवणं, सक्तीचं आहे, चिप काढली तरी हातात नुसता कचरा येतो. ते चांगलंच आहे, फोन चोरीला गेला तर चोराला पण काही मिळत नाही, पण बॅकअप नसेल तर आपल्यालाही नाही. मग बॅकअप बघितला तर तो पाच महिने आधी थांबलेला, कारण २०२४ पासून अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगलच्या त्या १५ जीबीत मोजला जातो, त्यांचे १५ जीबी फोटोंनीच भरले होते, आणि "बॅकअप झाला नाही" हे नोटिफिकेशन त्या रोज बोटाने बाजूला सारत होत्या. फोन रिसेट केला, म्हणजे सगळं पुसून कोरा केला, चालू झाला, पण पाच महिन्यांचा हिशोब गेला तो गेलाच.

तेव्हा आईकडे गेलात की आधी व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये चॅट्स, त्यात चॅट बॅकअप, आणि शेवटच्या बॅकअपची तारीख डोळ्याने वाचा. "ऑन आहे" एवढ्यावर समाधान मानू नका, तारीख वाचा. फोटो एकदा केबल लावून लॅपटॉपवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, रिपोर्टांच्या पीडीएफ स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवा. आणि १० जीबी तरी जागा मोकळी करा.

अजून एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. अपडेट झालं की फोन रीस्टार्ट होतो आणि रीस्टार्टनंतर पहिल्यांदा बोटाचा ठसा किंवा चेहरा चालत नाही, पिन नाहीतर पॅटर्नच लागतो. वर्षभर नुसतं बोट लावून फोन उघडणारी माणसं तो पिन विसरलेली असतात. माझ्याकडे एक आजी ह्याच कारणाने रडत आल्या होत्या, फोनला काहीही झालेलं नव्हतं, फक्त पिन आठवेना, मग रिसेट शिवाय मार्ग नाही, आणि रिसेट केला की फोन आधीचं गूगल खातं आणि त्याचा पासवर्ड मागतो, तो मुलाने अमेरिकेला जायच्या आधी कधीतरी टाकलेला. म्हणून अपडेटच्या आधी आईला पिनने फोन उघडून दाखवायला सांगा, आणि गूगलचा पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा.

आता न करण्याचे तोटे, ते पण कमी नाहीत. आमच्या गल्लीतले एक काका चार वर्षं एक अपडेट करू देत नव्हते, चालतंय ना मग कशाला, असं. मग एक दिवस हॉस्पिटलच्या बिलाच्या रांगेत त्यांच्या बँकेचं ॲप उघडेना, नवीन ॲपला त्यांचं जुनं अँड्रॉइड चालत नव्हतं, आणि त्यांचा फोन इतका मागे राहिलेला की कंपनीने त्याला अपडेट देणंच बंद केलेलं. ऐन गरजेच्या वेळी मुलीला फोन करून पैसे मागवावे लागले.

आणि तुमच्या आईच्या बाबतीत १५ घ्यायचं माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं कारण ओटीपी आहे. ते आरटीओ चलनाच्या नावाचं किंवा लग्नपत्रिकेच्या नावाचं एपीके, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲप टाकायची फाइल, व्हॉट्सॲपवर येतं ना, ते टाकलं की ते ॲप एकेक परवानगी मागत नोटिफिकेशन वाचायला लागतं. अँड्रॉइड १३ मध्ये गूगलने बाहेरून टाकलेल्या ॲपला असल्या परवानग्या सहज मिळू नयेत म्हणून आडकाठी घातली, १५ मध्ये ती वाढवली, शिवाय १५ मध्ये दुसऱ्या ॲपना नोटिफिकेशनमधला ओटीपी झाकून दाखवतात आणि कोणी "केवायसी करून देतो, स्क्रीन शेअर करा" म्हणालं तर शेअर चालू असताना ओटीपीचं नोटिफिकेशन समोरच्याला दिसत नाही. एकट्या राहणाऱ्या बाईसाठी हे दाराला साखळी लावण्यासारखं आहे. मेसेज वाचायची परवानगी आपणच दिली तर मात्र कुठलंच व्हर्जन वाचवत नाही, तेव्हा एपीके उघडायचं नाही हे आईला वेगळं सांगाच. तसंच "तुमचा फोन जुना झालाय, इथे दाबून अपडेट करा" असं ब्राउजरमध्ये किंवा मेसेजमध्ये आलं तर ते खोटं, खरं सिस्टिम अपडेट सेटिंगच्या आतच असतं.

दिवस कुठला, तर गुरुवार सोडून. आपल्याकडे गुरुवारी देखभालीसाठी लाइट जायची शक्यता असते, निम्म्यात वायफाय गेलं की डाउनलोड लटकतं. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचा नोव्हेंबर आणि प्रवासाच्या, दवाखान्याच्या आदला दिवस पण टाळा. रविवारी सकाळी जा, चार्जिंग ६० टक्क्यांच्या वर ठेवा, अपडेट लावा आणि चालू असताना पॉवर बटणाला हात लावू नका, लोगोवर पंधरा-वीस मिनिटं थांबला तरी घाबरून बंद करू नका.

झाल्यावर दोनचार दिवस फोन गरम लागेल, बॅटरी पटापट उतरेल, कारण आत सगळी ॲप नव्याने बसवणं आणि फोटोंची यादी करणं चालू असतं, तेवढ्यावरून "बिघडला" म्हणू नका. आठवड्यानंतरही तसंच राहिलं तर बॅटरी तपासून घ्या, तीन वर्षांच्या फोनला नवीन बॅटरी टाकली की तो बऱ्याचदा परत उभा राहतो. जुनं व्हर्जन परत टाकून देतो म्हणणारे भेटतील, नका करू, त्यात सगळा डेटा पुसला जातो, बऱ्याच फोनमध्ये मागे जायचा रस्ताच बंद केलेला असतो आणि कंपनीने सॉफ्टवेअरला घातलेलं लॉक तोडून केलं तर बँकेची ॲप चालायला नकार देऊ शकतात.

आणि त्या रविवारी लगेच निघू नका. आयकॉन हलतात, वरून खाली ओढायचा पडदा बदलतो, आपल्याला पाच मिनिटांत जमतं पण आईचं बोट जुन्या जागेवरच जातं. फोन, व्हॉट्सॲप, यूपीआय तिच्या जुन्या जागी परत लावून द्या, अक्षर मोठं करा, मग तिच्याच हाताने एक रुपया तुम्हाला पाठवायला सांगा. यूपीआयने परत सिम तपासायला एसएमएस मागितला तर बँकेला जोडलेलंच सिम निवडा. तो रुपया आला की भावाला कळवून टाका.