इंटरनेट नसलेल्या जुन्या संगणकांवर लिनक्स कसं टाकायचं?

तुम्ही लिहिलंय की मंडळाच्या वाचनालयाला सहा जुने संगणक मिळालेत, त्यांवरच्या विंडोज 10 चे अपडेट बंद झालेत, आणि तिथे नेट नाही, घ्यायचा विचारही नाही. तरी लिनक्स टाकता येईल का?

येईल. मी इंदूरचा. दोनेक वर्षांपूर्वी इथल्या एका मराठी वाचनालयात हेच काम केलं. जुन्या वाड्याचा तळमजला, हातभर जाड भिंती, मोबाइलला रेंज म्हणाल तर खिडकीत उभं राहिल्यावर एक काडी.

पहिल्या रविवारी मी हात हलवत परत आलो. चूक माझीच. डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) याच्या साइटवर समोर दिसणारं बटण दाबलं, की उतरते ती 'नेटइन्स्ट' नावाची, एक जीबीहूनही लहान फाइल. तिच्यात फक्त पाया असतो, बाकीचं सगळं ती नेटवरून मागवते. अर्ध्या तासात इन्स्टॉल 'पूर्ण' झालं आणि समोर काळा पडदा, त्यावर लॉगिन विचारणारी एक ओळ. मागे वाचनालयाच्या काकू उभ्या.

"झालं का रे?"

"झालं काकू, पण दिसणार काही नाही."

तेव्हा आयएसओ, म्हणजे पेनड्राइव्हवर चढवायची इन्स्टॉलची फाइल, पूर्ण घ्या. डेबियन घेणार असाल तर 'डीव्हीडी-1', साधारण चार जीबीची. डेस्कटॉप, लिब्रेऑफिस, फायरफॉक्स सगळं तिच्यात असतं. इन्स्टॉलर मध्येच विचारतो, नेटवर्क मिरर (पॅकेजं, म्हणजे प्रोग्रॅम, नेटवरून देणारा सर्व्हर) वापरू का? तिथे 'नाही' म्हणा. हे नको असेल तर लिनक्स मिंट या दुसऱ्या प्रकाराची एक्सएफसीई, म्हणजे हलक्या डेस्कटॉपची, आवृत्ती घ्या. ती पेनड्राइव्हवरूनच चालवून आधी बघता येते. रॅम 2 जीबी असली तरी चालते, पण 4 असली तर जीव रमतो. जुन्या मशीनला लागणारी डीडीआर-3 रॅम इथे आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये शोधायची. तुमच्या गावातही असं एखादं ठिकाण असेलच.

एक मात्र बघून घ्या. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 ला 32-बिटचा इन्स्टॉलर नाही, खरोखरच 32-बिट मशीन असेल तर 12 घ्यावा लागेल. पण विंडोज 32-बिट आहे म्हणजे प्रोसेसरही तसाच, असं धरून चालू नका. कोअर 2 ड्युओसुद्धा 64-बिट आहे.

आता पेनड्राइव्ह. दुसऱ्या रविवारी मी बाजारातून घेतलेला 'चौसष्ट जीबी'चा स्वस्त पेनड्राइव्ह घेऊन गेलो. इन्स्टॉल प्रत्येक वेळी साठ-पासष्ट टक्क्यांवर अडकायचं. तीन मशीन बदलून झाली, मदरबोर्डला शिव्या देऊन झाल्या. घरी येऊन 'एफ-3' नावाच्या प्रोग्रॅमने तपासला तर आत जागा आठ जीबीचीही नव्हती, पुढे लिहिलेलं सगळं हवेत जात होतं. म्हणून दोन गोष्टी घरीच उरकून निघा. उतरवलेल्या फाइलचा एसएचए-256 आकडा (फाइल धड उतरली का ते सांगणारी खूण) साइटवरच्या आकड्याशी जुळतो का ते बघा, आणि पेनड्राइव्ह तयार झाला की त्यावरून आपलाच लॅपटॉप एकदा सुरू (बूट) करून बघा. तिथे पोचल्यावर कळलं तर रविवार गेलाच म्हणायचा.

मशीनच्या बायोसमधली (चालू करताच उघडणाऱ्या मूळ सेटिंगमधली) तारीखही बघा. वर्षानुवर्षं पडून असलेल्या संगणकाचा घड्याळ चालवणारा सीआर-2032 सेल संपलेला असतो आणि घड्याळ 2009 दाखवतं. मग पुढे कधी पॅकेज टाकायला गेलात तर एपीटी, म्हणजे पॅकेजं टाकणारा प्रोग्रॅम, सांगतो, ही पॅकेजांची यादी अजून वैधच झालेली नाही! त्याच्या हिशेबाने ती भविष्यातली असते. नाण्याएवढा सेल, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो, सहा घेऊन ठेवा.

सहाही मशीन सारखी असतील तर सहादा इन्स्टॉल करत बसू नका. एक मनासारखं तयार करा, क्लोनझिला या प्रोग्रॅमने त्याच्या डिस्कची प्रतिमा (हुबेहूब नक्कल) बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि उरलेल्या पाचांवर उतरवा. अट एवढीच की ज्या डिस्कवर उतरवायचं ती मूळ डिस्कएवढी किंवा मोठी हवी.

खरं सांगायचं तर इन्स्टॉल ही सोपी बाजू. अडतं ते दुसऱ्या दिवशी, कुणीतरी मराठीत टाइप करायला बसतं तेव्हा. इन्स्क्रिप्ट, म्हणजे सरकारी मराठी कीबोर्ड मांडणी, येत असेल तर काही आणावं लागत नाही, कीबोर्ड लेआउटच्या यादीतून निवडलं की झालं. काकूंना सरकारी टायपिंगची सवय नव्हती, पण 'ल'च्याच कळीवर शिफ्ट धरला की 'ळ' येतो हे कळल्यावर त्यांनी आधी 'केळकर', मग 'काळे', मग 'गोखले' लिहून पाहिलं, आणि गोखल्यांना 'ळ' लागत नाही म्हणून हसल्या. पण इंग्रजी अक्षरांत उच्चार मारून मराठी शब्द उमटवण्याची सवय असलेल्यांना आयबस-एम17एन हे पॅकेज लागतं. ते आधीच सोबत असू द्या.

विसरलंच काही, तर 'एपीटी-ऑफलाइन' आहे. बिननेटच्या मशीनवर काय हवं त्याची एक छोटी फाइल बनते, ती नेट असलेल्या संगणकावर नेऊन पॅकेजं उतरवायची आणि परत आणून टाकायची. आधी पॅकेजांच्या याद्या, मग पॅकेजं, म्हणजे बहुधा दोन फेऱ्या होतात. हे साधनही पहिल्याच दिवशी टाकून ठेवा. आणि तुमच्याकडे खिडकीत का होईना रेंज असेल तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा (म्हणजे मोबाइलचं नेट संगणकाला मिळतं), सगळी कटकट वाचेल.

प्रिंटर कुठला आहे ते लिहिलं नाहीत. एचपीचा लेझरजेट 1020 असेल तर त्याला वेगळं प्लगइन लागतं आणि ते डीव्हीडीत नसतं. मशीनवर एचपीएलआयपीची (एचपीच्या प्रिंटरांसाठीच्या लिनक्स प्रोग्रॅमची) जी आवृत्ती असेल, तंतोतंत त्याच आवृत्तीचं प्लगइन उतरवून न्या, थोडा फरकही चालत नाही. दुसरा कुठला असेल तर कळवा.