छंद म्हणून प्रोग्रामिंग शिकायचं आहे, नोकरीसाठी नाही. वय ४५, शिक्षण बी.कॉम. पायथन, रस्ट की जावास्क्रिप्ट?

तुमच्या तीन नावांत माझी भाषा नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो: मी पास्कलवाला. हसून घ्या. माझा साळा दर दिवाळीला हसतो. तो हिंजवडीत जावा लिहितो आणि छंदासाठीसुद्धा माणसानं 'मार्केटमध्ये चालणारी' भाषाच शिकावी असं त्याचं ठाम मत. अरे, कोणाचं मार्केट? मी नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. मला या वयात प्रोग्रामरची नोकरी कोण देऊन राहिलं?

पास्कल शिकलो नव्वदच्या दशकात, नागपुरात बर्डीवरच्या एका क्लासमध्ये. बाकी पोरं डीबेस आणि लोटससाठी यायची, पण सरांकडे टर्बो पास्कलची फ्लॉपी होती. निकलाउस विर्थ यांनी १९७० साली ही भाषा मुळात शिकवण्यासाठीच केली आणि ते जाणवतं. सहा महिन्यांनी स्वतःचाच प्रोग्राम उघडला तरी आपण काय लिहिलं होतं ते कळतं. आज तीच फ्री पास्कल या नावानं फुकट मिळते, आणि तिच्यात फॉर्म-बटणं मांडून प्रोग्राम करायला लॅझारस नावाचं सॉफ्टवेअर, तेही फुकट.

आता खरी गोष्ट. नागपूरच्या महाल भागात एक जुनं वाचनालय आहे, मी तिथला सभासद. तिथल्या बाईंकडे सभासदांचं हातानं लिहिलेलं रजिस्टर होतं, आडनावाप्रमाणे. पानं सुटी होऊन राहिली होती. म्हटलं, बाई, मी करून देतो. कॉम्प्युटर होता विंडोज ७ वाला, दोन जीबी रॅम, कूलरच्या शेजारी ठेवलेला, उन्हाळाभर दमट. लॅझारसमध्ये फॉर्म मांडला, नावं भरली, यादी क्रमानं लावली. बाईंनी चष्मा चढवला आणि म्हणाल्या, "काळे काशीकरांच्या आधी काऊन आले? आणि क्षीरसागर 'क'मध्ये काय करून राहिलेत?"

बरोबर होतं त्यांचं. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसवलेला आहे आणि क्ष म्हणजे क, हलन्त, ष अशी तीन चिन्हं. कॉम्प्युटर नुसते क्रमांक बघतो, त्यामुळे काळे वर येतात आणि क्षीरसागर कौ-च्या मागे, ख-च्या पुढे जाऊन उभे राहतात. बाईंच्या रजिस्टरात मात्र शाळेतल्या तक्त्याप्रमाणे ह, मग ळ, क्ष, ज्ञ.

पहिल्यांदा मी हे तीन पार शेवटच्या क्रमांकांवर ढकलून बघितले. तर 'कळंबे' 'कानडे'च्या मागे गेले, कारण काना-मात्रांचे क्रमांक व्यंजनांनंतर येतात आणि माझा ळ त्यांच्याही पलीकडे गेला होता. मग युनिकोडचा तक्ता नीट बघितला. ह आणि काना यांच्या मध्ये मराठीला न लागणाऱ्या जागा आहेत. तुलनेपुरते ळ, क्ष, ज्ञ तिथे बसवले. पडद्यावर नाव जसंच्या तसं, फक्त क्रम लावताना आतल्या आत अदलाबदल. जेमतेम चार ओळींचं फंक्शन. ते चाललं त्या संध्याकाळी मी बाईंना तर्री पोहे खाऊ घातले, म्हणजे विचार करा.

त्या दिवाळीत साळ्यानं हे बघितलं. "भाऊजी, पास्कल म्युझियममध्ये ठेवा, मी हेच पायथनमध्ये दुपारभरात करून देतो." केलं. त्याच्या लॅपटॉपवर झकास दिसत होतं (काळे अर्थात काशीकरांच्या आधीच). वाचनालयात नेलं तर प्रोग्राम उघडेचना, अमुक डीएलएल (प्रोग्रामला लागणारी विंडोजची फाइल) सापडत नाही म्हणून अडून बसला. पायथन ३.९ पासून पुढची, म्हणजे २०२० पासूनची, विंडोज ७ वर चालतच नाही. आणि वाचनालय नवा कॉम्प्युटर घेणार कशातून, वर्गणीतून? माझी एकच ईएक्सई फाइल (थेट चालणारा प्रोग्राम), पेनड्राइव्हवरून टाकली, आजही चालू आहे.

म्हणून माझं म्हणणं: भाषा कोणती ते नंतर, आधी तुमचा प्रोग्राम कोणाच्या मशीनवर चालणार ते बघा. तो फक्त तुमच्याच लॅपटॉपवर चालणार असेल, बँकेचं स्टेटमेंट वाचून खर्चाची वर्गवारी वगैरे, तर तुमच्या तिघांत पायथन, डोळे मिटून. बी.कॉम. आहात, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या याद्या) आणि एक्सेलच्या फायलींशी ती सहज बोलते. दुसऱ्या कोणाला द्यायचं असेल तर जावास्क्रिप्ट. एक एचटीएमएल फाइल (वेबपेजची) पाठवा, ब्राउझर सगळ्यांकडे असतो, आणि मराठीच्या क्रमानं तुलना करायची सोयही त्यात आहे.

रस्टच्या वाट्याला सध्या जाऊ नका. भाषा उत्तम आहे, पण ती कोणत्या व्हेरिएबलचा (माहिती ठेवायच्या नावाच्या डब्याचा) मालक कोण यावरून इतकी हुज्जत घालते की दिवसभर ऑफिस करून आलेल्या माणसाचा रविवार त्यातच जातो. मेमरीची काळजी ज्यांना पोटासाठी घ्यावी लागते त्यांच्यासाठी आहे ती. साळ्यानं शिकावी.

कोणतीही भाषा घेतली की पहिल्याच दिवशी तिला 'नागपूर' या शब्दाची लांबी विचारा. पायथन काना आणि उकार वेगळे मोजून ६ म्हणेल, माझी पास्कल साधं विचारलं तर १८ बाइट, म्हणजे साठवायला लागलेली जागा सांगते, ॲपलची स्विफ्ट भाषा ४ म्हणते, म्हणजे आपण बोटांवर मोजतो तेवढी अक्षरं. मराठीत काही करायचं असेल तर पुढे कुठं ठेच लागणार ते इथेच कळतं.

साळ्याच्या बाजूनं एवढं लिहिलं पाहिजे की पायथन ३.८ वापरली असती तर त्या मशीनवर चाललं असतं. त्यानं ते नंतर फोनवर सांगितलंही, बऱ्याच तावातावानं. आणि पास्कलमध्ये अडलात तर मदत करणारी माणसं कमी सापडतात, पायथनला गल्लोगल्ली आहेत. एकट्यानं शिकणार असाल तर हा फरक लहान नाही. मला बर्डीचे सर होते.

मोबाइलवरच शिकायचा विचार असेल तर लॅझारस विसरा, ते कॉम्प्युटरचंच काम आहे.