इंग्लंडमध्ये घेतलेली देवीची जुनी मातीची मूर्ती: ही देवी कोण, मूर्ती खरी जुनी आहे का, आणि साफ कशी करायची?

तुम्ही लिहिलंय की बर्मिंगहॅमच्या जुन्या बाजारात वीतभराहून थोडी उंच, रंगवलेली मातीची मूर्ती मिळाली. केसांत चंद्रकोर, पायाशी कुत्रा, उजवा हात खांद्यामागे गेलेला, डाव्या हातातलं काहीतरी तुटलेलं, मनगटाला जुना जोड, आणि खाली कंपनीचा शिक्का नाही. जोड नीट रंगवून घ्यावा का आणि चिंच-लिंबाने घासली तर चालेल का, असंही विचारलंय. मी जुन्या मातीच्या आणि चिनी मातीच्या वस्तूंच्या जतनाचं काम करते, म्हणून आधी एवढंच सांगते: चिंच, लिंबू, व्हिनेगर यांतलं काहीही तिला लावू नका. कारण पुढे येईलच.

ही डायना. रोमन लोकांची शिकारीची आणि चंद्राची देवी, ग्रीकांची आर्टेमिस. उजवा हात पाठीवरच्या भात्यातून बाण काढतोय, डाव्या हातात धनुष्य होतं. असे बारीक, पुढे आलेले भाग सगळ्यात आधी मोडतात. आपण जसं वाहन आणि आयुधं पाहून देव ओळखतो, तसंच इथेही करायचं. शेजारी मोर असता तर जूनो, हातात गव्हाच्या ओंब्या असत्या तर सीरीझ, शिरस्त्राण आणि ढाल असती तर मिनर्व्हा, डॉल्फिन आणि छोटा क्युपिड असता तर व्हीनस.

अशा मूर्ती साधारण 1780 ते 1820 या काळात इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यात बनल्या. बर्सलेम, हॅनली, लाँगटन ही कुंभारांची गावं आज स्टोक-ऑन-ट्रेंट शहरात सामावली आहेत. इटलीत हर्क्युलेनियम आणि पॉम्पेईचं उत्खनन सुरू झाल्यापासून इंग्लंडच्या बड्या घरांना ग्रीक-रोमन शिल्पांचं वेड लागलं होतं. श्रीमंतांनी संगमरवर आणला, त्याखालच्यांनी डर्बीच्या पोर्सिलेनच्या मूर्ती घेतल्या, आणि ज्यांना तेही परवडत नव्हतं त्यांच्यासाठी स्टॅफर्डशायरच्या कुंभारांनी साध्या भाजलेल्या मातीत त्याच देवी घडवल्या. या कारागिरांपैकी बहुतेकांनी रोम कधी पाहिलं नसणार. त्यांच्यापुढे छापील चित्रं होती, प्लास्टरचे ठसे होते, दुसऱ्या कारखान्याची मूर्ती होती. म्हणून या डायनाचे गाल लाल असतात आणि चेहरा एखाद्या इंग्लिश खेड्यातल्या मुलीचा वाटतो. संगमरवरी डायनापेक्षा मला हीच जास्त जवळची वाटते, आणि हे मी पुरेपूर विचार करून म्हणते.

आता खरी की नकली. शिक्का नाही यावरून काहीच ठरत नाही. बर्सलेमच्या राल्फ वुडच्या किंवा हॅनलीच्या नील कंपनीच्या काही मूर्तींवर नाव सापडतं, पण त्या काळच्या बहुतेक मूर्ती बिनशिक्क्याच्याच आहेत. उलट खाली ‘इंग्लंड’ असं छापलेलं असतं तर ती 1891 नंतरची असण्याचीच शक्यता जास्त. त्या वर्षीपासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं.

चेहरा बाजूला ठेवा, मूर्ती उलटी करा. वस्त्राच्या चुण्या, पायाची बोटं, चौथऱ्याचे कोपरे, जिथे जिथे झिलई (मातीवरचा काचेसारखा चकचकीत थर) साचली आहे तिथे निळसर झाक दिसते का? दिसली तर ही पर्लवेअर, म्हणजे निळसर झिलईने पांढरी दिसणारी मातीची वस्तू असावी. माती मुळात किंचित पिवळट भाजते. ती पांढरी दिसावी म्हणून झिलईत चिमूटभर कोबाल्ट घालत. 1775 च्या सुमारास स्टॅफर्डशायरमध्ये हा प्रकार रुळू लागला आणि 1779 मध्ये तिथल्याच नामवंत कुंभार-कारखानदार जोसाया वेजवुडने स्वतःचा ‘पर्ल व्हाइट’ बाजारात आणला. मग खालून आत पाहा. जुन्या मूर्ती प्लास्टरच्या साच्याच्या दोन-तीन भागांत मातीचे थर बोटांनी दाबून बनवत आणि भाग पातळ मातीने जोडत. त्यामुळे आतली भिंत कुठे जाड, कुठे पातळ, बोटांच्या खुणांसकट असते. उशिराच्या नकला बहुतेक पातळ माती साच्यात ओतून केलेल्या. त्या हाताला हलक्या लागतात आणि आतून एकसारख्या गुळगुळीत असतात. झिलईवरच्या बारीक तड्यांवर मात्र भिस्त ठेवू नका. ते मुद्दाम पाडून त्यांत काळपट रंग भरता येतो.

साफसफाईचं कारणही याच घडणीत आहे. माती एकदा भाजून, शिशाच्या झिलईत बुडवून पुन्हा भाजत. (ही बुडवणी हातानेच चाले आणि त्या कामगारांना शिशाची विषबाधा होई. या मूर्तीची किंमत कोणीतरी अशीही मोजलेली आहे.) लाल, गुलाबी, हिरवे रंग त्या झिलईवर चढवून तिसऱ्यांदा, कमी आचेवर भाजलेले. म्हणजे रंग झिलईच्या आत नाही, वर बसलाय. आम्ल त्याला खातं, घासणीने तो पोपड्यासारखा निघतो. ब्लीच तर तड्यांतून सच्छिद्र मातीत शिरतं, त्याचे क्षार आत राहतात आणि पुढे झिलईच उचलतात. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ काढा. रंग घट्ट असेल तिथेच जेमतेम ओलसर कापसाने टिपा. पाण्यात बुडवू नका, कारण जुना जोड सरसाचा असेल तर पाण्याने सुटेल.

जोड रंगवून घेऊ नका. जोड लपवताना डागडुजीवाले रंग आजूबाजूच्या चांगल्या भागावरही पसरवतात आणि मूळ ब्रशचं काम त्याखाली जातं. जोड हलत असेल तरच सिरॅमिक्सच्या संवर्धकाकडे न्या आणि पुन्हा सोडवता येईल असाच चिकटपदार्थ वापरायला सांगा. आधी कोणी रंग चढवलाय का हे अतिनील टॉर्चने अंधारात पाहा. नंतरचा रंग मूळ झिलईपेक्षा वेगळा चमकतो.

तुम्ही बर्मिंगहॅममध्येच असाल तर हॅनलीचं पॉटरीज म्युझियम फार दूर नाही. स्टॅफर्डशायरच्या मातीकामाचा तिथला संग्रह फार मोठा आहे. आणि इथे तळाचा, पाठीचा आणि जोडाचा जवळून फोटो टाकलात तर मी पाहून नक्की सांगेन.