अंगावर चालून येणाऱ्या घोडीला न मारता शिस्त कशी लावावी?

तुमची घोडी पाच वर्षांची. तबेल्याबाहेर काढताना ती खांद्याने रेटते, दोर ओढत पुढे निघते, खिसे हुंगते आणि हल्ली दातही लावते. मारायचं नाही, पण लाड करूनही काही फरक पडत नाही, असं तुम्ही लिहिलंय.

लाडांचा फरक पडलाय, फक्त उलटा. ती रेटते तेव्हा तुम्ही पाऊलभर मागे सरत असणार. तिच्या हिशेबी रेटलं की माणूस हलतो. खिसा हुंगला की गाजर निघतं. हे तुम्हीच तिला शिकवलंय, आणि तिने ते छान आत्मसात केलंय. मारून यातलं काहीच पुसलं जाणार नाही, फक्त तुमचा हात वर गेला की ती डोकं वर फेकायला शिकेल.

दोराचा दाब सुटतो त्या क्षणी घोडा जे करत असेल, तेच त्याच्या लक्षात राहतं. संयम लागतो तो या क्षणावर नजर ठेवायला, सोसत बसायला नव्हे.

सुरुवात तिला मागे सरकवण्यापासून करा. तिच्या समोर नको, मानेच्या बाजूला उभे राहा. कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या थेट मागचं तिला दिसत नाही, बाकी जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं. हॉल्टरच्या, म्हणजे तिच्या डोक्यावर चढवलेल्या पट्ट्यांच्या, खाली दोर धरा आणि छातीच्या दिशेने हलकासा दाब द्या. झटका नको. मग थांबा. ती मान ताठ करेल, डोकं उडवेल, कदाचित पुढे रेटेल. दाब तेवढाच ठेवा. डोकं उडवल्यावर दोर सैल केलात तर डोकं उडवण्याचाच धडा झाला. तिने वजन किंचित मागे टाकलं, अगदी पाऊल उचललं नसलं तरी, की लगेच पूर्ण सोडा. दोन श्वास तिला काही मागू नका. मग पुन्हा. आधी नुसता कल, मग एक पाऊल, मग दोन. काही दिवसांनी तुम्ही नुसते तिच्याकडे वळून ताठ उभे राहिलात तरी ती सरकेल. दहा मिनिटं पुरे, त्यापुढे ती कंटाळते आणि तुम्ही चिडता.

ओढाओढीत मात्र पडू नका. चार-पाचशे किलोंचं जनावर आहे, त्यात तुम्ही हरणार, आणि आपण जिंकू शकतो हे तिला कळणार. दोर हाताला गुंडाळू तर कधीच नका, घडी करून मुठीत धरा. चालताना ती तुमच्या पुढे गेली की थांबा, तिला दोन पावलं मागे घ्या, पुन्हा निघा. दाराशी तर हे रोज करायचं: उंबरठ्यावर थांबल्याशिवाय बाहेर जायचं नाही. पहिले काही दिवस दारापर्यंतच वेळ संपेल. संपू द्या.

खिशातला खाऊ आजपासून बंद. चंदी, गाजर, जे काय द्यायचं ते बादलीत, आणि तेही ती हातभर लांब उभी असताना. सुरुवातीला ती आधीपेक्षा जास्त धसमुसळी होईल, कारण इतके दिवस चालणारी युक्ती अचानक चालेनाशी झाली. नेमकं इथेच लोक विरघळून एखादा तुकडा देतात आणि सगळं पाण्यात जातं. घरात जो कोणी तिला हात लावतो, मोतद्दारासकट, त्याने हेच नियम पाळायचे.

मग बक्षीस काय? आयाळ संपते तिथे, मानेच्या बुडाशी खाजवा. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात. फ्रान्समधल्या कामार्ग जातीच्या घोड्यांवरच्या १९९३ सालच्या एका अभ्यासात त्या जागी खाजवल्यावर हृदयाचे ठोके मंदावलेले दिसले. थोपटण्यापेक्षा हे कितीतरी बरं. चापट्या मारून शाबासकी द्यायची सवय माणसांची, घोड्यांची नाही.

आणि स्वतःच्या अंगाकडे लक्ष द्या. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा टाप आपटून गणितं सोडवायचा. मानसशास्त्रज्ञ ऑस्कार फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवून दिलं की बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, आणि तेवढं पाहून हान्स थांबायचा. विचारणाऱ्यांना त्याचा पत्ताही नसायचा. तेव्हा मनात धाकधूक किंवा राग असेल तर त्या दिवशी नुसता खरारा करा, शिकवणी नको.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. दात लावणं हल्लीच सुरू झालंय म्हणता, तर पशुवैद्याला बोलवा. दातांची धार, पोटातले व्रण, पाठीचं दुखणं, घासणारं खोगीर, यातलं काही असेल तर वरचं सगळं करूनही ती चावणारच. आणि कान मागे पाडून ती मुद्दाम पुढच्या पायाने मारू लागली किंवा पाठ वळवून लाथ उगारू लागली, तर एकट्याने प्रयोग करू नका. घोड्यांत मुरलेला माणूस शेजारी हवा.