पद मोठं झालं, दिवसाचा भाव घसरला

प्रश्न : टेक्ससमधल्या सरकारी शाळेत मी सात वर्षं चौथीला शिकवते. पगार ६६,००० डॉलर. आता डिस्ट्रिक्टने (इथल्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेने) इन्स्ट्रक्शनल कोऑर्डिनेटरची, म्हणजे अभ्यासक्रम पाहण्याची आणि शिक्षकांना मार्गदर्शन करण्याची जागा देऊ केली आहे, ७८,००० डॉलरवर. बारा हजारांची वाढ आहे, तर डोळे झाकून घ्यावी ना?
– एक वाचक, फ्रिस्को

उत्तर : डोळे उघडे ठेवा आणि कॉन्ट्रॅक्टवर पगाराच्या शेजारी छापलेले दिवस वाचा. टेक्ससमध्ये शिक्षकांचं कॉन्ट्रॅक्ट साधारण १८७ दिवसांचं असतं. कोऑर्डिनेटरचं बऱ्याच ठिकाणी २२६ दिवसांपर्यंत जातं. तुमचं तसंच असेल, तर आज तुम्हाला दिवसाला ३५३ डॉलर पडतात आणि नव्या जागेवर ३४५ पडतील. जादा ३९ दिवसांचे आजच्याच भावाने १३,७६५ व्हायला हवेत, मिळताहेत १२,०००. शिवाय हे दिवस बहुतेक जून-जुलैतले. मुलांच्या समर कॅम्पची फी आणि उन्हाळ्यात पुण्याला जाऊन राहण्याचा बेत, दोन्ही याच हिशोबात धरा.

दुसरी गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. टेक्ससच्या २०२५ च्या कायद्याने वर्गशिक्षकांना वेगळी पगारवाढ दिली. ५,००० हून जास्त विद्यार्थी असलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये तीन-चार वर्षं अनुभव असेल तर २,५०० डॉलर, पाच किंवा जास्त वर्षं असतील तर ५,०००. लहान डिस्ट्रिक्टमध्ये ही रक्कम ४,००० आणि ८,००० आहे. पण शिक्षक म्हणजे रोज सरासरी निदान चार तास वर्गात शिकवणारी व्यक्ती. कोऑर्डिनेटर त्यात बसत नाही. तुमच्या ६६,००० मध्ये हे ५,००० धरले नसतील, तर खरी तुलना ७१,००० आणि ७८,००० ची आहे. मग ३९ दिवसांचे सात हजार, म्हणजे दिवसाला जेमतेम १८० डॉलर! टीचर इन्सेंटिव्ह अलॉटमेंटचा (उत्तम शिकवणाऱ्यांसाठी राज्य जादा पैसे देतं, त्या योजनेचा) दर्जा मिळाला असेल तर वर्ग सोडल्यावर तेही पैसे थांबतात. द्विभाषिक वर्गाचा स्टायपेंड असेल तर तो पुढे चालेल का, हे एचआरकडून लेखी घ्या. पुन्हा वर्गावर यायचं ठरलं तर पगार कोणत्या पायरीवर लागेल, तेही त्याच पत्रात मागा.

मग ही जागा घेऊच नये का? घ्यावी, पण घाई नको. कारण पेन्शन. टीआरएस म्हणजे टेक्ससच्या शिक्षकांची पेन्शन योजना. तिचं सूत्र असं : नोकरीची वर्षं × २.३ टक्के × सर्वांत जास्त पगाराच्या पाच वर्षांची सरासरी. पंचवीस वर्षं नोकरी झाली, तर त्या सरासरीत वाढलेल्या दर १,००० डॉलरमागे पेन्शन वर्षाला ५७५ ने वाढते. म्हणजे सात हजारांच्या फरकाला सुमारे ४,००० डॉलर, तेही जन्मभर. यात मोजली जातात फक्त पाच वर्षं. मुलं लहान असताना वर्गात राहून शेवटची पाच-सहा वर्षं कोऑर्डिनेटर झालात, तरी हा फायदा पुरता पदरात पडतो.

प्रश्न : मुलगी अविवाहित आहे, डॅलसजवळ इन्स्ट्रक्शनल कोऑर्डिनेटरच्याच पदावर लागते आहे. पगार ७४,७२० डॉलर. हातात किती येतील?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : योगायोग असा, की अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीत मे २०२४ चा या पदाचा मधला पगार नेमका हाच आहे. म्हणजे निम्म्या लोकांना याहून जास्त, निम्म्यांना कमी.

टीआरएसचे ८.२५ टक्के, म्हणजे ६,१६४ आधी जातात. निवृत्तांच्या आरोग्यविम्याचे ०.६५ टक्के, म्हणजे ४८६. तिच्या स्वतःच्या विम्याचा हप्ता महिना ३०० धरू, वर्षाचे ३,६००. मेडिकेअर (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचा कर) १,०३१. २०२५ च्या दराने केंद्राचा आयकर सुमारे ५,७३९. टेक्सस राज्याचा आयकर नाही. उरले ५७,७००, महिन्याला सुमारे ४,८००. घरभाडं १,७०० आणि गाडीचा हप्ता, विमा, पेट्रोल मिळून ६५० धरले, तर किराणा आणि बाकी सगळ्याला साधारण २,४५० राहतात. एकटीला ठीक. याला रुपयांनी गुणू नका, खर्चही डॉलरमध्येच आहे.

लग्नानंतर मात्र विम्याचा आकडा बदलतो. कर्मचाऱ्याच्या विम्यासाठी राज्य आणि डिस्ट्रिक्ट मिळून किमान २२५ डॉलर महिना द्यायचे, हा नियम वीसेक वर्षं तिथेच अडकला आहे. नवरा आणि मुलं प्लॅनमध्ये घेतली की वरचा बहुतेक भार पगारावर येतो. आणखी एक : टेक्ससमधल्या बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये सोशल सिक्युरिटी (केंद्र सरकारची पेन्शन योजना) कापत नाहीत, त्यामुळे या नोकरीवर ती पेन्शनही नाही. टीआरएसचा हक्क पाच वर्षांनी पक्का होतो. साडेचार वर्षांनी सोडण्याचा विचार आला तर सहा महिने थांबावं.

प्रश्न : पत्नी पुण्याची एम.एड. आहे, एच-४ व्हिसावर (एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) येईल. थेट कोऑर्डिनेटरच्या पदासाठी अर्ज करता येईल?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : एच-४ वर काम करायचं तर ईएडी (काम करण्याचं परवानापत्र) हवं, आणि ते तुमचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झालेला असेल किंवा एच-१बी सहा वर्षांपुढे वाढलेला असेल तरच मिळतं. ते असलं तरी जाहिरातींमध्ये बहुधा टेक्ससचं शिक्षक प्रमाणपत्र आणि तीन वर्षं वर्गावरचा अनुभव मागतात. तेव्हा सुरुवात वर्गापासून धरा. पदव्यांचं मूल्यांकन विषयवार करून घ्यावं लागतं. त्यासाठी विद्यापीठाकडून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत गुणपत्रकं) भारतातून निघण्याआधीच मिळवा, बी.ए., बी.एड. आणि एम.एड. तिन्हींचे. अमेरिकेत बसून ते मागवायला फार वेळ जातो.